रिमोट स्टार्टर बसवल्यापासून गाडीच्या दिव्यांचा घोळ

चाफेकळी
नमस्कार मंडळी. वायरिंगमधलं कळणारे इथे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. आम्ही कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसॉगाला (ओंटारियो प्रांत) असतो, गाडी २०१५ ची जपानी सेडान, ऑटोमॅटिक, किल्लीने चालू होणारी. नोव्हेंबरात एका दुकानातून रिमोट स्टार्टर बसवून घेतला. स्टार्टर म्हणून तो झकास चालतो, घरातून बटण दाबायचं आणि बूट-जॅकेट चढवून खाली जाईपर्यंत काचेवरचा बर्फ सुटलेला असतो. पण तेव्हापासून दिव्यांचं काहीतरी बिनसलंय.

एक म्हणजे गाडी बंद झाली तरी हेडलाइट आणि मागचे लाल दिवे कधीकधी चालूच राहतात. रोज होत नाही हे. एकदा शेजारच्या काकूंनी दार वाजवून सांगितलं, एकदा कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी ठार. दुसरं म्हणजे इंडिकेटर दिला की स्पीडोमीटरच्या मागचा उजेड त्याच तालावर कमी-जास्त होतो, आणि पुढचा डावीकडचा पार्किंग लाइटही तसाच करतो.

दुकानवाला म्हणतो की स्टार्टरचा आणि दिव्यांचा काही संबंध नाही, गाडी जुनी झालीय, डीलरला दाखवा. मेक-मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर कुठली कंपनी बरी यावरच धागा जाईल. तर खरंच संबंध नसतो का? आणि परत जायच्या आधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो.

पिंपळपान
बॅटरी किती जुनी आहे? थंडीत निम्म्या तक्रारी बॅटरीच्याच निघतात.

कट्टर_नागपुरी
तुमच्याकडे बर्फ सुटावा म्हणून रिमोट स्टार्ट, आमच्याकडे मे महिन्यात सीटवर बसता यावं म्हणून! ४५ डिग्रीत उभी असलेली गाडी आधी दहा मिनिटं एसी लावून ठेवली तर स्टिअरिंगला हात लावता येतो बाप्पा. पण आमची सोय कंपनीतूनच आलेली आहे, मोबाइलवरून चालू होते, त्यामुळे वायरिंगचं काही सांगता नाही येणार. वाचतोय.

ओहमसाहेब
संबंध नसतो हे त्याचं म्हणणं साफ चूक आहे. बाहेरून बसवलेला कुठलाही रिमोट स्टार्टर घ्या, त्याला कायम चालू असलेला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, इग्निशन, ॲक्सेसरी आणि स्टार्टर मोटरच्या वायरी लागतात, ब्रेकची लागते (ब्रेक दाबला की यंत्रणा बंद पडावी म्हणून), हूडखालचा (बॉनेटखालचा) स्विच लागतो, अर्थ म्हणजे गाडीच्या पत्र्याला निगेटिव्ह जोडणी लागते आणि एक वायर थेट पार्किंग लाइटला जाते. गाडी चालू झाली की दिवे लुकलुकतात ना, ते त्या वायरीमुळेच. म्हणजे जोडणाऱ्याने तुमच्या दिव्यांच्या सर्किटमध्ये हात घातलेलाच आहे.

आता त्यात नेहमी गडबड कुठे होते ते सांगतो. काही गाड्यांत पार्किंग लाइटची वायर पॉझिटिव्ह असते, म्हणजे तिच्यात १२ व्होल्ट आले की दिवे लागतात. काही गाड्यांत स्विचपाशी निगेटिव्ह ट्रिगर असतो, म्हणजे ती वायर अर्थ झाली की दिवे लागतात. स्टार्टरच्या मॉड्यूलमध्ये (त्याच्या मुख्य डब्यात) हे निवडायला एक जंपर, म्हणजे छोटी जोडपिन असते. तो उलटा राहिला तर फ्यूज उडतो किंवा दिवे भलत्या वेळी लागतात. पण चाफेकळी, तुमची लक्षणं वाचून मला हे दोन वेगवेगळे दोष वाटतायत, एकाच कारणाने झालेले वाटत नाहीत. मॉड्यूलला बायपास (किल्ली नसतानाही गाडीची चोरीविरोधी यंत्रणा इंजिन चालू होऊ देते तो भाग) कसला आहे, आणि हेडलाइटचा स्विच तुम्ही कुठल्या खुणेवर ठेवता ते सांगा.

चाफेकळी
@पिंपळपान बॅटरी गेल्या वर्षीची आहे, दुकानातच टेस्ट केली, चांगली निघाली.
@ओहमसाहेब स्विच कायम ऑटोवर असतो, गाडी घेतल्यापासून हात लावलेला नाही. बायपासचं बिलावर फक्त 'मॉड्यूल' एवढंच लिहिलंय.

विनिपेगकर
सरळ काढून टाका ते प्रकरण. इकडे विनिपेगला उणे तीसमध्ये आम्ही वर्षानुवर्षं ब्लॉक हीटरवर काढली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेसमोर प्लग असतो, रात्री घरी वायर लावायची, सकाळी इंजिन कोमट. एकही वायर कापावी लागत नाही.

चाफेकळी
पटतंय, पण आमच्या कॉन्डोच्या उघड्या पार्किंगमध्ये प्लग नाहीये. आणि मुलगी लहान आहे, तिला गारठलेल्या कार सीटमध्ये बसवायचं म्हणजे आधी जाड जॅकेट काढायचं, पट्टे आवळायचे, तोपर्यंत ती थरथरते. स्टार्टर घेतला तो तिच्यासाठी.

विनिपेगकर
मग असू दे, बाळासाठी असेल तर बरोबरच आहे. पट्ट्याखाली जाड जॅकेट नको हे तुम्ही पाळताय ते फार चांगलं.

रत्नाग्रीचा_बाबू
मी रत्नागिरीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. दुसऱ्या तक्रारीचं सांगतो. इंडिकेटरच्या तालावर डॅशबोर्ड मंद होतोय म्हणजे शंभर टक्के अर्थ लूज. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने अर्थचे बोल्ट सडतात, तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात म्हणे, म्हणजे गोष्ट एकच. पण नोव्हेंबरात काम केलं आणि लगेच सुरू झालं असेल तर सडलेला नाही, कुणीतरी बोल्ट उघडलाय आणि नीट बसवलेला नाही. ड्रायव्हरच्या पायापाशी आत बाजूच्या पत्र्यावर बघा, तिथे बहुतेक गाड्यांत कंपनीचा अर्थ असतो आणि नवीन काही बसवणारा माणूस आळशीपणाने त्याच बोल्टखाली आपली वायर खुपसतो.

ओहमसाहेब
बाबूशेठ अगदी नेमकं बोललात. जाता जाता त्यामागचं कारणही लिहितो, इतरांना उपयोगी पडेल. डॅशचा दिवा, डावा पार्किंग लाइट, इंडिकेटर ह्या सगळ्यांचा करंट परत येताना एकाच बोल्टवरून बॉडीत उतरतो. तो सांधा ढिला असला की अरुंद दारातून लग्नाचं अख्खं वऱ्हाड बाहेर काढल्यासारखं होतं, इंडिकेटरचे बल्ब पेटले की बाकीच्यांच्या वाट्याचा व्होल्टेज कमी होतो आणि ते मंद होतात. इंडिकेटर विझला की परत उजळतात.

तपासायचं असं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर लागेल). दिवे, इंडिकेटर सगळं चालू करा. लाल प्रोब बोल्टखालच्या वायरीच्या रिंगवर टेकवा, मग शेजारच्या उघड्या पत्र्यावर टेकवा. रिंगवर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर ठीक. रिंगवर जास्त आणि पत्र्यावर जवळजवळ शून्य आलं तर दोष त्या सांध्यातच आहे. ओहममध्ये मोजू नका, करंट वाहत नसताना ढिला सांधाही ओहममध्ये चांगलाच दिसतो.

स्मिता_शिकागो
एक काळजीची सूचना: पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळं आवरण असलेल्या वायरी दिसल्या तर त्यांना प्रोबही लावायची नाही. ते एअरबॅगचं आहे. आणि इकडच्या काही यूट्यूबवाल्यांसारखा बल्बवाला टेस्टर घेऊन वायरी टोचत बसू नका, तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढ्याने काँप्युटरची लाइन खराब होऊ शकते.

रत्नाग्रीचा_बाबू
ताई, आमचा अर्धा धंदा टेस्ट लॅम्पवर चालतो 😄 पण तुमचं बरोबर आहे. जुन्या गाडीला टेस्ट लॅम्प बेस्ट, कारण लोड टाकून बघतो, मल्टिमीटर एका तारेवरच्या गंजक्या वायरीतही १२ व्होल्ट दाखवतो. नवीन गाडीत मात्र मी पण मीटरच लावतो.

खडूस_पेशवा
मूळ चूक बाहेरच्या दुकानात जाण्यात आहे. डीलरकडून कंपनीचा स्टार्टर बसवला असता तर हा धागाच निघाला नसता.

स्मिता_शिकागो
नाही पटलं. २०१५ च्या गाडीला कंपनीचा स्टार्टर मिळाला तरी बऱ्याच ठिकाणी त्याची रेंज कमी, आणि डीलर ते काम बाहेरच्याच माणसाला देतो हे मी स्वतः बघितलंय. काम करणारा हात चांगला पाहिजे, मग पाटी कुणाचीही असो. आमच्याकडे बाहेरूनच बसवलाय, त्या माणसाने प्रत्येक जोड सोल्डर करून वर टेप गुंडाळली, सहा हिवाळे झाले, काही नाही.

खडूस_पेशवा
सोल्डर? कंपनांनी सोल्डरच्या कडेला वायर तुटते. चांगला क्रिम्प (दाबून केलेला जोड) सगळ्यात उत्तम.

रत्नाग्रीचा_बाबू
दोन्ही चालतं, आधार दिला पाहिजे. चालत नाही ते प्लॅस्टिकचं क्लिप, जे पक्कडीने दाबलं की आतलं पातं वायरीचं कातडं फाडून तांब्यात घुसतं. बसवायला पाच सेकंद, पण पातं दोन-चार तारा कापतं आणि भोकातून ओल शिरते. मग वर्ष-दीड वर्षाने हिरवा गंज. चाफेकळीताई, तसलं निळं किंवा लाल क्लिप दिसलं तर दुकानाला बदलायला लावा.

निळा_डोंगर
पहिल्या तक्रारीकडे कुणी वळलेलंच नाही. चाफेकळी, एक विचारायचंय. दिवे चालू राहिले ते दिवस आठवा. त्या दिवशी तुम्ही गाडी रिमोटने चालू करून नंतर चालवलीत, की चालू करून तशीच बंद होऊ दिलीत?

चाफेकळी
अरे देवा. थांबा, आठवते.

शेजारच्या काकू आल्या तो मंगळवार होता, मंगळवारी आणि गुरुवारी मी घरून काम करते. गाडी गारठून पडू नये म्हणून त्या दिवशी सकाळी नुसती चालू करते, वेळ संपला की ती आपोआप बंद होते. बॅटरी संपली तो शुक्रवार, म्हणजे दिवे गुरुवारचेच. पण प्रत्येक मंगळवार-गुरुवारी होत नाही, काल गुरुवार होता, दिवे बंद होते.

निळा_डोंगर
काल काचेवर बर्फ होता का?

चाफेकळी
नव्हता! काल लख्ख ऊन होतं. तुम्हाला कसं कळलं??

निळा_डोंगर
ऑटो हेडलाइटला उजेड मोजणारा सेन्सर असतो, बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या वर काचेच्या मुळाशी तो छोटा काळा घुमट दिसतो तोच. काचेवर बर्फाचा थर असला की त्याच्यासाठी भर दिवसाही रात्रच. म्हणून बर्फ असलेल्या सकाळी रिमोटने गाडी चालू झाली की हेडलाइटही लागतात.

आता पुढचं. बऱ्याच जपानी गाड्यांत इग्निशन बंद झालं की ऑटोवरचे दिवे लगेच विझत नाहीत, ड्रायव्हरचं दार उघडलं की मगच विझतात. किल्ली काढून माणूस उतरणारच, हे गृहीत धरून ते केलेलं आहे. रिमोट स्टार्टरने गाडी चालू झाली, वेळ संपून बंद झाली, पण दार कुणी उघडलंच नाही. मग गाडी वाट बघत राहते आणि दिवे जळत राहतात. तुम्ही चालवता त्या दिवशी शेवटी दार उघडताच, म्हणून काहीच कळत नाही. काही अमेरिकन गाड्यांत ह्याच कारणाने रेडिओ चालू राहतो.

करून बघा: संध्याकाळी अंधार झाल्यावर रिमोटने चालू करा, रिमोटनेच बंद करा, दिवे बघा. चालू राहिले तर ड्रायव्हरचं दार उघडून परत लावा.

कट्टर_नागपुरी
निळा डोंगर, तुम्ही पोलिसात पाहिजे होते. मंगळवार, बर्फ, दार... पुरावे गोळा करून आरोपी हजर!

चाफेकळी
आत्ताच करून आले, बोटं गारठलीत. तंतोतंत तसंच झालं. रिमोटने बंद केली, इंजिन थांबलं, हेडलाइट आणि मागचे दिवे तसेच. दार उघडून लावलं आणि खट्कन सगळे विझले. आता ह्याला उपाय काय? कायम ऑटो बंद ठेवू का?

पिंपळपान
हो, ऑटो बंद ठेवायचं, लागतील तेव्हा हाताने लावायचे. मी तसंच करतो.

स्मिता_शिकागो
नको नको, हे अजिबात करू नका. विशेषतः कॅनडात. तिकडे १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीला दिवसा लागणारे पुढचे दिवे सक्तीचे आहेत. स्विच बंद असला तरी पुढे उजेड पडतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं दिवे लागलेत, आणि मागून गाडी ठार काळी. तिथे त्याला फँटम व्हेइकल म्हणतात. सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या गाड्यांना म्हणूनच नवा नियम आला, की मागचे दिवे तरी सोबत लागले पाहिजेत, नाहीतर अंधारात सगळे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड काळा राहिला पाहिजे. तुमची २०१५ ची, तिला हे संरक्षण नाही. ऑटो हाच तुमचा आधार आहे, तो काढू नका.

विनिपेगकर
स्मिताताईंना पूर्ण अनुमोदन. डिसेंबरात तिकडे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ओंटारियोत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून दिवे लागलेले पाहिजेत. रोज ऑफिसातून निघताना कोण लक्षात ठेवून लावणार?

पिंपळपान
हा विचार केलेला नव्हता. माझी गाडी पुण्यात आहे, तिला दिवसाचे दिवे नाहीत, त्यामुळे अंधार पडला की कळतंच. तुमच्याकडे ते कळणारच नाही, बरोबर.

सह्याद्री_रायडर
आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू, तेव्हा लोक रस्त्यात थांबवून सांगायचे "ओ, लाइट चालू आहे", आठवतंय का? हाताने दिवा मिटवल्याची खूण करायचे.

कट्टर_नागपुरी
अजूनही करतात!

ओहमसाहेब
विषयावर येऊ. निळा डोंगर ह्यांचं निदान पक्कं आहे. उपाय दुकानवाल्याकडेच आहे आणि फार मोठा नाही. बहुतेक मॉड्यूलमधून गाडी बंद झाल्यावर क्षणभर निगेटिव्ह इशारा देणारी वायर काढता येते. ती ड्रायव्हरच्या दाराच्या स्विचच्या वायरीला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून जोडली की गाडीला वाटतं दार उघडून बंद झालं, आणि दिवे विझतात. बायपास मॉड्यूल गाडीच्या काँप्युटरशी डेटावर बोलणारा असेल तर काही वेळा वायरसुद्धा लागत नाही, प्रोग्रॅममध्ये तो पर्याय चालू करावा लागतो. दुकानात जाऊन "दिवे चालू राहतात" असं सांगू नका. "रिमोटने बंद झाल्यावर ड्रायव्हर डोअर पल्स मिळत नाहीये" असं सांगा, त्याला टाळता येणार नाही.

आणि घरून कामाच्या दिवशी गाडी नुसती चालू करून ठेवण्याची सवय सोडा. स्टार्टर मोटर एका झटक्यात बरंच ओढते, वर हीटरचा फॅन, मागच्या काचेचा डिफॉगर, हेडलाइट. आयडलवर दहा-पंधरा मिनिटांत थंडगार बॅटरी तेवढं परत घेत नाही. त्यापेक्षा अर्धा तास चालवून आणा.

टोरोंटोचा_तात्या
शिवाय गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवण्यावर शहरांचे नियम आहेत. टोरोंटोत तासाला एकच मिनिट मुभा आहे. मिसिसॉगाचा नियम वेगळा असेल, महापालिकेच्या साइटवर बघून घ्या. आणि वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती, बंद गॅरेजमध्ये रिमोटने गाडी चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो घरात शिरतो.

मोगरा_नाशिक
नाशिकमध्ये माझ्या मावसभावाने मॅन्युअल गाडीला बाजारातलं रिमोट किट लावलं. गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवायची सवय. वरच्या मजल्यावरून मित्रांना दाखवायला बटण दाबलं, गाडी टुणकन उडी मारून कंपाउंडच्या भिंतीवर. समोर कुणी नव्हतं हे नशीब. हँडब्रेक आणि न्यूट्रल तपासणारी वायर किटवाल्याने जोडलीच नव्हती.

ओहमसाहेब
मॅन्युअलला हे लावूच नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्यासाठी वेगळी सुरक्षा असलेली मॉड्यूल मिळतात, पण ती माणसाच्या सवयीवर अवलंबून. हूडखालचा स्विचसुद्धा बरेच जण गाळतात, आणि मग कुणी इंजिनचा पट्टा बघायला वाकलेला असताना गाडी चालू होते. चाफेकळी, तुमचा हूड उघडून रिमोट दाबून बघा, चालू होता कामा नये.

चाफेकळी
हूडची चाचणी केली, चालू झाली नाही, तेवढं तरी त्याने नीट केलंय.

शनिवारी पायाशी टॉर्च घेऊन वाकले. बाबूदादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बाजूचं प्लॅस्टिक काढलं की एक बोल्ट, त्याच्याखाली गाडीची मूळ रिंग, तिच्या आणि पत्र्याच्या मधे स्टार्टरची नवीन रिंग, तीही आकाराने मोठी त्यामुळे तिरकी बसलेली, आणि बोल्ट बोटाने फिरत होता. दिवे आणि इंडिकेटर लावून मोजलं. मूळ रिंगवर ०.९ पर्यंत, इंडिकेटरबरोबर खालीवर होत. शेजारी स्क्रू असलेल्या कोऱ्या पत्र्यावर ०.०३. बोल्टला हात न लावता फोटो आणि मीटरचा व्हिडिओ काढून ठेवला. निळी क्लिपं दोन दिसली, एक ब्रेकच्या वायरीवर आहे.

रत्नाग्रीचा_बाबू
शाब्बास! असं गिऱ्हाईक आलं तर आमचं काम अर्धं होतं. दुकानाला सांगा, नवीन अर्थ वेगळ्या जागी, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. मूळ बोल्ट एकटाच, घट्ट. ब्रेकचं क्लिप आधी बदला, ते सुटलं तर ब्रेक दाबून स्टार्टर बंद होणार नाही, आणि तारा तुटल्या तर ब्रेक लाइट जातील.

खडूस_पेशवा
ब्रेकच्या वायरीवर क्लिप बघून मलाही राग आला. पैसे न देता करून घ्या.

चाफेकळी
अपडेट. दुकानात गेले. व्हिडिओ दाखवला, डोअर पल्सचं सांगितलं. मालक स्वतः बाहेर आला, बघितलं, जास्त बोलला नाही, दुसऱ्या माणसाला कामाला लावलं. अर्थ वेगळा केला, दोन्ही क्लिपं काढून सोल्डर केलं, आणि दाराच्या वायरीला पल्स जोडली. पैसे घेतले नाहीत. रात्री चालू करून वेळ संपू दिला, गाडी थांबल्यावर काही सेकंदांत दिवे आपोआप विझले. रिंगवर आता ०.०४. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः निळा डोंगर, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर मी डीलरकडे पैसे भरून आले असते.

ओहमसाहेब
एक शेवटचं मोजून घ्या. गाडी कुलूप लावून अर्धा-पाऊण तास झोपू द्या, मग बॅटरीच्या निगेटिव्हला मालिकेत मीटर लावून करंट बघा. ५० मिलिॲम्पच्या आत हवा. हूड उघडा असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा, नाहीतर गाडी जागीच राहील. आणि मीटर लावलेला असताना इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

चाफेकळी
२८ वर स्थिर आहे.

ओहमसाहेब
उत्तम.

सह्याद्री_रायडर
ओहमसाहेब, जाता जाता माझंही सांगा ना. बाइकला मागे एलईडी इंडिकेटर लावले तेव्हापासून दुप्पट वेगाने लुकलुकतात. हाही अर्थच का?

ओहमसाहेब
नाही, एलईडी करंट कमी ओढतात. फ्लॅशर रिलेला वाटतं एक बल्ब गेला. एलईडीला चालणारा रिले टाका, दोन किंवा तीन पिनचा ते आधी बघून घ्या. बाकी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.